चव बघितली, खाल्लं न्हाई

जवळा बाजार या गावात तातेराव आचाऱ्यांच्या हातचं न जेवलेला माणूस शोधायचा तर तो दोनच ठिकाणी सापडेल. एक सरकारी दवाखान्याच्या पाळण्यात, आणि दुसरा बँकेत, कारण मॅनेजरसाहेब गेल्याच महिन्यात बदलून आलेत. बाकी ज्यांचं म्हणून लग्न झालं, बारसं झालं, तेरावं झालं, त्या सगळ्यांच्या घरी तातेरावांची कढई कधी ना कधी चढलेली आहे.

आचारी म्हटलं की डोळ्यांसमोर एक गोल पोट येतं आणि त्याच्या मागून माणूस येतो. तातेराव तसे नाहीत. झाऱ्याच्या दांड्यासारखे सरळ, तितकेच काटक आणि रंगानंही त्याच्याच जवळपासचे. वय बासष्ट. एवढं रांधून अंगाला काही का लागलं नाही असं कुणी विचारलं, तर त्यांचं उत्तर ठरलेलं असतं.

"आमी खातो कुठं? शेवटची पंगत उठल्याबिगर आमाला घास न्हाई. आन् शेवटची पंगत उठली की आमाला भूक न्हाई."

यात खोटं काही नाही. कामावर असताना तातेरावांना पानावर बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. पाहिलेलं आहे ते एवढंच, की कढईतून पळी बाहेर येते, डाव्या हाताच्या खळग्यात चमचा-दोन चमचे रस्सा पडतो, हात तोंडापासून वीतभर वर जातो आणि रस्सा वरच्या वर नाहीसा होतो. ओठाला लागत नाही. ओठाला लागलं नाही ते उष्टं नाही, आणि जे उष्टं नाही ते खाणं नाही, असा त्यांचा साधा हिशेब. त्यांच्या लेखी चव बघणं हे मोजमाप आहे. शिंप्यानं कापडाला टेप लावली म्हणून त्यानं सदरा घातला असं कुणी म्हणतं का?

हा विचार चाळीस वर्षं कुणाच्या आड आला नाही. आला तो त्यांच्या हृदयाच्या.

लहानपणी तातेरावांना सांधे धरून ताप यायचा. तो ताप गेला, पण जाताना हृदयाच्या एका झडपेवर आपलं नाव टाकून गेला, हे त्यांना पन्नास वर्षांनी कळलं. दिवाळीनंतर धाप लागायला लागली. पुरीची परात उचलली की ठोके चुकायचे. संभाजीनगरच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, झडप आकसलीय, बदलावी लागेल, धातूची बसवू. ठोके वेडेवाकडे पडतात म्हणून आत रक्ताची गुठळी होऊ नये, यासाठी त्यांनी रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू केली.

या झडपेनं तातेरावांचा गावात मान वाढला. आचाऱ्याला लोक विचारतात ते "पुऱ्या किती वेळात?" एवढंच. आता माणसं थांबून तब्येत विचारायला लागली. तातेरावही छातीवर तळहात ठेवून, डोळे जरासे मिटून सांगायचे, "झडप." एवढा एकच शब्द. ऐकणारा गप्प व्हायचा. बसस्टँडवरच्या हॉटेलात त्यांच्यासाठी खुर्ची रिकामी होऊ लागली.

मग ऑपरेशनआधीच्या तपासण्यांत रक्त कमी निघालं. चांगलंच कमी. मोठे डॉक्टर म्हणाले, पोटातून कुठून तरी रक्त जातंय आणि गोळीमुळं ते थांबत नाहीय. धातूची झडप बसवली की ही गोळी जन्मभर घ्यावी लागणार. तेव्हा गळती कुठं आहे ते आधी शोधा, काही कापायचं असेल तर आधी कापा, मग माझ्याकडं या. शोधायचं कसं, तर दुर्बीण घालून मोठं आतडं बघायचं.

"वरून घालतेत ना?" तातेरावांनी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "नाही."

तिथून तातेरावांचा मान उतरणीला लागला. झडपेचं सांगताना छातीवर हात ठेवता येतो. या तपासणीचं सांगताना हात कुठं ठेवावा, हा प्रश्नच होता. त्यांनी गावात "पोटाचा फोटो" असं सांगायला सुरुवात केली. पण बायको पारुबाई घरात कधी काही लपवत नाहीत आणि घराबाहेर तर मुळीच नाही. दोन दिवसांत बाजाराच्या दोन्ही टोकांना सगळं बयाजवार पोचलं.

शालूबाई तातेरावांकडं तीस वर्षं पुऱ्या लाटते. लाटणाऱ्या बायांची ती म्होरकी, आणि तातेरावांना तोंडावर बोलणारी अख्ख्या तालुक्यात ती एकटीच. ती म्हणाली, "बरं झालं भाऊ. तीस वर्षं तुमच्या पोटात काय हाय ते कुनालाच कळलं न्हाई. आता टीव्हीवर दिसल."

पोटाच्या डॉक्टर नांदेडच्या. राजनंदिनी मॅडम. वयानं तातेरावांच्या पोरीएवढ्या, बोलायला गोड आणि सूट द्यायला अजिबात तयार नसलेल्या. त्यांनी कागद काढला आणि पारुबाईंना दिसेल असा टेबलावर ठेवला. नवऱ्यांपुढं कागद ठेवून उपयोग नसतो हे त्यांना अनुभवानं ठाऊक असावं.

"काका, नीट ऐका. गोळी चालू ठेवून मी आत काही कापलं तर रक्त थांबणार नाही. आणि गोळी फार दिवस बंद ठेवली तर तुमच्या हृदयात गुठळी होईल, ती डोक्यात गेली तर लकवा. म्हणून तुमच्या हार्टच्या डॉक्टरांशी बोलून आम्ही ठरवलंय. गोळी पाच दिवस आधी बंद. मधल्या दिवसांत पोटावर इंजेक्शन, सकाळ-संध्याकाळ. तपासणीच्या चोवीस तास आधी तेही बंद. यातलं काही तुम्ही आपल्या मनानं मागं-पुढं करायचं नाही."

तातेराव म्हणाले, "म्हंजे पाकासारखं."

"कशासारखं?"

"बुंदीच्या पाकासारखं. पातळ राहिला तर लाडू बसत न्हाई, घट्ट झाला तर दगड व्हतो. मधी एक तार येती, तेवढ्यातच हात चालवा लागतो."

राजनंदिनी मॅडमनी पेन खाली ठेवलं. "काका, एवढं सोपं करून मला माझ्या सरांनीसुद्धा कधी सांगितलं नव्हतं. तर तुमची ती एक तार शुक्रवारी येतेय. शुक्रवारी करू."

"शुक्रवारी जमत न्हाई."

"काहून?" हे पारुबाई विचारत होत्या, आणि त्या विचारण्यात उत्तर आधीच माहीत असल्याचा सूर होता.

"रविवारी प्रेमानंद मास्तरच्या पोरीचं लग्न हाय. सातशे मानूस. जबान दिली मी."

प्रेमानंद मास्तर हे तातेरावांचे शाळासोबती. एका बाकावर बसून दोघांनी पाढे म्हटले. मास्तरांनी पुढं ते शिकवले आणि तातेरावांनी पुऱ्यांवर वापरले. मास्तरांच्या करुणाचं लग्न बुद्धविहाराच्या पटांगणात होतं. मुहूर्ताचं बंधन नाही, पाहुण्यांना सुट्टी असते म्हणून रविवार. करुणाच्या नामकरणाला तातेरावांनीच भात शिजवला होता. तिच्या लग्नाला दुसऱ्या कुणाचा झारा चालणं त्यांना झडपेपेक्षा अवघड वाटत होतं.

मॅडमनी कॅलेंडर पाहिलं, मग संभाजीनगरला फोन केला, मग परत कॅलेंडर पाहिलं. "सोमवारी सकाळी. पण काका, त्याच्यापुढं मी सरकू शकत नाही. ऑपरेशन त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी आहे. आत काही कापलं तर जखम धरायला दहा दिवस हवेत. सोमवार हुकला तर ती तारीख जाईल. पुढची तारीख दीड महिन्यानं. आणि तुमची झडप दीड महिना थांबेल असं तिनं मला काही लिहून दिलेलं नाही."

पारुबाईंनी कागद घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला. "मानूस तुमचा, डॉक्टरीन बाई. पर राखन मी करते."

कागदावर लिहिलं होतं: तीन दिवस आधीपासून बिया, साली, पालेभाजी बंद. आदल्या दिवशी, म्हणजे नेमक्या रविवारी, घन काहीच नाही. फक्त नितळ. नारळपाणी, साखरपाणी, गाळलेलं लिंबूसरबत, बिनदुधाचा चहा. संध्याकाळी आणि पहाटे औषधाची पावडर घातलेलं पाणी.

तातेरावांनी कागद अक्षरशः पाळला. शुक्रवारपासून नुसता भात आणि वरणाचं पाणी. पोटावरची इंजेक्शनं त्यांनी दवाखान्यात जाऊन चुपचाप घेतली. गोळीची पट्टी पारुबाईंनी आधीच देवघरात बंद केली होती. रविवारी सकाळी लग्नाच्या ठिकाणी त्यांना जायची परवानगी मिळाली ती या अटीवर, की लिंबाच्या झाडाखाली खुर्चीवर बसायचं, कढईला हात लावायचा नाही, नुसतं सांगायचं. पारुबाई नारळपाण्याची बाटली घेऊन शेजारी बसल्या. आता आचारी आणि बंदोबस्तातला पोलीस यांच्यात फरक एवढाच राहिला होता, की पोलिसाला जेवायला मिळतं.

पण लग्नघरात पारुबाईंसारख्या बाईला एका खुर्चीपाशी कोण बसू देणार? दहा वाजता मास्तरांच्या घरून हाक आली, नवरीला साडी नेसवायला या. पारुबाई उठल्या. जाताना म्हणाल्या, "काई खाऊ नका."

"येडी हायस का? कवा खाल्लंय मी कामावर?"

पुढं काय झालं ते शालूबाईनं लाटता लाटता पाहिलं. पारुबाईंचा पदर मंडपाआड गेला तशी खुर्ची झाडापासून हातभर सरकली. मग दोन हात. अकरा वाजता खुर्ची वांग्याच्या कढईला टेकली होती आणि तातेराव तिच्यावर नव्हते.

बारा वाजता नवरी करुणा पांढऱ्या साडीत तिकडून गेली. ती परभणीच्या एका दवाखान्यात नर्स आहे. स्वतःच्या लग्नातसुद्धा तिनं थांबून विचारलं, "काका, तुमची तपासणी उद्या हाय ना? पोटात काही गेलं तर न्हाई?"

"काईबी न्हाई पोरी. नारळपानी सोडून थेंब न्हाई."

हे बोलताना त्यांच्या डाव्या हाताच्या खळग्यात वरण होतं. ते त्यांनी सवयीनं वरच्या वर तोंडात टाकलं आणि करुणाला म्हणाले, "जा, मंडपात जा, भंतेजी थांबलेत."

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. दिवसभरात तीन जणांनी त्यांना हेच विचारलं आणि तिघांनाही त्यांनी मनापासून खरं उत्तर दिलं.

चारच्या सुमाराला मास्तरांच्या पाहुण्याच्या गाडीतून दोघं नवरा-बायको वसमतमार्गे नांदेडला निघाले. मुक्काम मुलगी प्रियंकाकडं. आता जावयाच्या घरी कसं राहावं याचे तातेरावांचे काही नियम आहेत. खुर्चीच्या कडेवर बसायचं, पाणी मागायचं नाही, पंखा मोठा करा म्हणायचं नाही. बारा वर्षांत त्यांनी त्या घरात एक शिंकसुद्धा मोकळेपणी दिलेली नव्हती. आणि त्या घरात शौचालय एकच, तेही बैठकीला लागून.

सहा वाजता पावडरीचं पाणी सुरू झालं. सव्वासातला तातेराव पहिल्यांदा उठले. "जावईबापू, जरा जाऊन येतो."

"जा ना मामा."

साडेसातला परत. "जावईबापू, जरा."

चौथ्या वेळी त्यांनी परवानगी मागणं सोडून नुसती मान झुकवायला सुरुवात केली. सातव्या वेळी तीही राहिली. जावई विजयकुमार फार सज्जन माणूस. सासऱ्याला संकोच नको म्हणून तो उठून बाहेर ओट्यावर बसला, तिथं शेजारी विचारायला लागले म्हणून कोपऱ्यावरच्या पानटपरीवर गेला, आणि दहाव्या खेपेनंतर प्रियंकानं फोन करून आता ओसरलं म्हणून कळवलं तेव्हा घरी आला. तातेराव खुर्चीच्या कडेवर बसून होते. ते हळूच म्हणाले, "बापू, बारा वर्षांची राहिलेली सगळी भीड आज मोडली बघा."

सोमवारी दवाखान्यात टेबलावर झोपवताना राजनंदिनी मॅडमनी विचारलं, "काल काय खाल्लं काका?"

"काई न्हाई."

"नक्की?"

"माझ्या गळ्याची आन."

हृदय नाजूक म्हणून झोपेचं औषध अगदी हलकं दिलेलं. तातेराव जागे होते, समोरच्या पडद्यावर सगळं दिसत होतं. गुलाबी, ओलसर बोगदा. मॅडम दुर्बीण पुढं नेत होत्या. थोडं पुढं गेल्या आणि थांबल्या. पाणी मारलं. परत थांबल्या. सिस्टरला म्हणाल्या, "हे काय दिसतंय?"

सिस्टर वाकली. उत्तर पलीकडून आलं.

"तीळ हायेत."

मॅडमनी खाली पाहिलं. तातेराव पडद्याकडं टक लावून बघत होते.

"वांग्याच्या भाजीतले. आन् ते बाजूला चिकटलंय ना, ती कोथिंबीर. देठासगट टाकली बायांनी. मी म्हनलं व्हतं बारीक चिरा." मग जरा थांबून, कामातला माणूस बोलतो तशा आवाजात, "तीळ कमी भाजलेत पन. रंग बघा."

"काका." मॅडमचा आवाज शांत होता. "तुम्ही म्हणालात काही खाल्लं नाही."

"न्हाईच खाल्लं."

"मग हे?"

"ती चव बघितली."

मॅडमनी विचारलं, "किती वेळा?"

आता तातेराव प्रामाणिक माणूस. आठवून आठवून सांगायला लागले. भाजीच्या कढया चार. एकेक तीनदा, कारण तिखट वर येतं ते उकळीनंतर. वरणाची दोन पातेली, फोडणीआधी आणि फोडणीनंतर. मसालेभात. एक पुरी, पण ती निम्मीच, फुगते का ते बघायला. बुंदीचे दाणे धरायचे की नाहीत यावर ते अडले. "बुंदी इरघळती बगा."

"काका, तुम्ही एक ताटभर जेवलात," मॅडम म्हणाल्या. "फक्त बसला नाहीत."

त्यांनी दुर्बीण काढून घेतली. तातेरावांना पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलेलं दिसलं. "मला आत काहीच नीट दिसत नाहीय. गाठ असली तरी या कोथिंबिरीमागं लपून बसेल. असं अर्धवट बघून मी 'सगळं ठीक' म्हणून लिहिणार नाही. आणि तुम्हाला दिलेला शेवटचा दिवस हाच होता."

बाहेर बाकावर पारुबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी आवाज चढवला नाही. त्यांनी आधी पिशवीतून कागद काढून परत वाचला, आपल्याकडून काही राहिलं का म्हणून. मग नवऱ्याकडं पाहिलं.

"छत्तीस वर्षं," त्या म्हणाल्या. "छत्तीस वर्षं तुमी उपाशी आले म्हून मी ताट झाकून ठिवून राहिले. जेवनापायी थांबले. आन् तुमी सातशेच्या पंगतीचं चाखून येत व्हते."

"आगं, ते खानं—"

"आता बोलू नका."

खिशातला रुमाल काढून तातेरावांनी डाव्या हाताचा तळवा पुसला. तिथं काहीही नव्हतं.

आत राजनंदिनी मॅडम संभाजीनगरशी बोलत होत्या. बराच वेळ. बाहेर आल्या तेव्हा घड्याळाकडं बघत आल्या. "ऐका. ऑपरेशनचे डॉक्टर एक दिवस द्यायला तयार झालेत. उद्यापासून मोजलं तर बरोबर दहा दिवस होतात, त्याच्या पुढं एक तासही नाही. गोळी बंदच राहील. गुठळीचा धोका नको म्हणून एक इंजेक्शन आत्ता इथंच घ्या, आणि उद्या याच वेळेला परत टेबलावर. आज दिवसभर फक्त नितळ. संध्याकाळी परत ती पावडर. उद्या मला एक तीळ जरी दिसला ना काका, तर मी काही करू शकणार नाही. तुमची तारीख गेली."

"चवसुदिक न्हाई?" तातेरावांनी विचारलं. ते खोडी काढत नव्हते. त्यांना खरंच खात्री करून घ्यायची होती.

"चवसुद्धा नाही."

तो सोमवार तातेरावांनी प्रियंकाच्या घरी काढला. साखरपाणी प्यायले, काळा चहा प्यायले, नारळपाण्याचा त्यांना आता राग यायला लागला होता. भुकेचं त्यांना काही वाटत नव्हतं, भूक त्यांच्या ओळखीची होती. तकलीफ वेगळीच होती. संध्याकाळी पावडरीची वेळ व्हायच्या आधी प्रियंकानं स्वयंपाक चढवला. लसणाची फोडणी वरणात पडल्याचा आवाज आला आणि तातेराव खुर्चीच्या कडेवरून उठले. पारुबाई जावयाच्या आईशी फोनवर होत्या.

स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून त्यांनी एकदा श्वास घेतला. "मीठ ऱ्हायलं."

"घातलंय बाबा."

"न्हाई घातलं. वासावरून कळतंय मला."

"घातलंय म्हणते ना मी."

"मग कमी हाय."

प्रियंका लहानपणापासून त्यांच्या कढईशेजारी वाढलेली. वाद मिटवायची तिची रीत त्यांनीच शिकवलेली होती. तिनं मागं न बघता पळी उचलली आणि म्हणाली, "बघा मग." आणि तातेरावांचा डावा हात पुढं झालेला होता. त्यांनी केला नव्हता, तो झाला होता. वरणाचा गरम पिवळा थेंब खळग्यात उतरला, त्यात जिऱ्याचे चार दाणे आणि कोथिंबिरीचं एक पान.

प्रियंका वळली आणि तिच्या हातातून पळी सुटली. "बाबा."

तातेराव हाताकडं बघत उभे राहिले. हात तोंडापासून वीतभर खालीच होता. वरण निवायला लागलं, कडेनं साय धरायला लागली. मग ते वळले, बेसिनपाशी गेले, नळ सोडला आणि हात धुतला. एकदा धुऊन झाल्यावर बोटांच्या मधून परत धुतला. पंच्याला पुसत म्हणाले, "तुज्या नवऱ्याला विचार."

विजयकुमारनं जेवताना सांगितलं, "मीठ बराबर आहे मामा."

तातेरावांना ते पटलं नाही. संध्याकाळभर आणि पहाटेही त्यांनी ती पावडर मुकाट्यानं प्यायली, आणि या वेळी कितीदा उठले ते कुणी मोजलं नाही.

मंगळवारी टेबलावर तोच प्रश्न आला. "काल काय खाल्लं काका?"

तातेरावांनी न चुकता सांगितलं. "साखरपानी सहा गिलास. काळा च्या चार डाव. नारळपानी दोन. इंजक्शन एक. आन् पोरीच्या वरनाचा वास." मग विचार करून, "वास लिवा किंवा सोडा, तुमच्यावर हाय."

पडदा स्वच्छ होता. मॅडम आरामात, थांबत थांबत पुढं गेल्या. एका वळणावर वाटाण्याएवढी लालसर गाठ दिसली, वरून किंचित खरचटल्यासारखी. काल ती नेमकी कोथिंबिरीमागं होती. त्यांनी तारेचा फास टाकून ती कापून काढली, जागेवर एक बारीक चिमटा बसवला आणि बराच वेळ बघत राहिल्या. रक्त आलं नाही. "गळती हीच होती," त्या म्हणाल्या. "दिसायला तर साधी दिसतेय. तपासायला पाठवते, आठवड्याभरात कळेल. आणि इंजेक्शन परवापासून परत सुरू करायचं, ते ऑपरेशनपर्यंत."

मग पारुबाईंना आत बोलावून त्यांनी समोरच संभाजीनगरला फोन लावला. स्पीकर चालू होता. पलीकडून मोठे डॉक्टर म्हणाले, "छान. मग तारीख कायम. पुढच्या आठवड्यातला शुक्रवार. बुधवारीच दाखल करा." आणि मग, कालचा सगळा किस्सा त्यांच्यापर्यंत पोचलेला असल्यामुळं, "एकदा विचारून घ्या हो, पेशंट शुक्रवारी मोकळे आहेत ना?"

राजनंदिनी मॅडम हसल्या. तातेराव हसले नाहीत. ते छताकडं बघायला लागले.

पारुबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. "कुठलं हाय?"

"गोरेगावचं," तातेराव छताला म्हणाले. "उत्तमरावच्या पोराचं लग्न. आधीच घेतलेलं व्हतं. नुसतं उभं राहून येतो म्हनलं, आन् मग संभाजीनगरला—"

"लावा फोन," पारुबाई म्हणाल्या.

बाहेरच्या व्हरांड्यात, भिंतीला पाठ टेकून, तातेरावांनी शालूबाईला फोन लावला. मागं कुठंतरी पुऱ्या तळल्याचा आवाज होता. लग्नसराई कुणाच्या आतड्यासाठी थांबत नाही. पारुबाई चार पावलांवर बाकावर बसल्या होत्या.

"शालू. पुढल्या शुक्रवारचं गोरेगाव तुला बघावं लागतंय. मी दवाखान्यात."

"बघते की भाऊ."

"मानसं हायेत तुज्याकडं. मसाला मी काढून दिला हाय. तेवढं चवीचं कसं करायचं म्हून इचार करून राहिलो."

"चवीचं काय?"

"कोन बघल?"

तळणाचा आवाज जरा लांब गेला, म्हणजे शालूबाई उठून बाजूला गेली असावी.

"मीच बघते, भाऊ."

"जमल का तुला?"

"भाऊ, राग नका मानू. चार वर्षं झाले, मीच बघून राहिले. तुमी चव घेऊन पुढच्या कढईकडं गेले की मागून मी एक डाव बघते. तुमच्या जिभेचं मीठ गेलंय. कधी डबल पडतं, कधी पडतच न्हाई. जास्ती असलं तर पानी घालते, कमी असलं तर मीठ. बायांना समद्यांना ठावं हाय. तुमाला सांगायचा जीव व्हईना. परवाबी मास्तरच्या वांग्याला मीच मीठ घातलं." मग तिनं आवाज नेहमीसारखा केला. "तर तुमी आता जा, ती झडप का काय ती नवी बसवून या. मिठाचं माझ्यावर सोडा."

फोन बंद झाला तरी तातेरावांनी तो थोडा वेळ कानालाच लावून ठेवला. मग येऊन बाकावर बसले. या वेळी कडेवर नाही, पाठ टेकून, ऐसपैस.

"काय म्हनली?" पारुबाईंनी विचारलं.

"काई न्हाई," तातेराव म्हणाले. "तब्येतीला जपा म्हनली."